त्रैक्यात चौथी सीट नसते

प्रश्न विक्रोळीहून आला आहे. विचारणारे जन्माने कॅथलिक, पत्नी हिंदू, मुलीचा बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ‘लहानपणी शिकलो की बाप्तिस्म्यात पवित्र आत्मा आपल्यात येतो. पहिल्या कम्युनियनच्या (ख्रिस्तशरीर घेण्याच्या) वेळी शिकवलं की येशू हृदयात येतो. आता मुलीच्या निमित्ताने योहान १४:२३ वाचलं, तर तिथे पिता आणि पुत्र दोघं येऊन राहणार असं आहे. मग नक्की येतं कोण? तिघंही येत असतील तर राहतात कुठे? मला आजवर काहीच जाणवलेलं नाही. आणि बायको विचारते, आत्मा-परमात्मा म्हणतात तेच ना हे? की त्रिमूर्ती? तिला काय सांगू?’

मी सव्वीस वर्षं मुंबईतल्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) धर्मशिक्षण देते आहे, त्यातली अलीकडची बारा वर्षं बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्या मोठ्या माणसांना. या विषयावर मी स्वतः सपशेल आपटलेली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पहिल्याच वर्षी तिसरीच्या मुलांना हे शिकवायचं होतं. मी थर्माकोलचं मोठं हृदय कापलं, आत काडेपेट्यांच्या तीन खुर्च्या चिकटवल्या आणि त्यांवर पिता, पुत्र, पवित्र आत्मा अशा चिठ्ठ्या लावल्या. कल्पना मला फार भारी वाटत होती. एक मुलगा उठला. ‘टीचर, तिन्ही खुर्च्या भरल्या. मग मी कुठे बसू?’ वर्ग हसला, मीही हसले आणि म्हणाले, ‘तू दारात उभा राहा, पाहुण्यांचं स्वागत करायला.’ वेळ मारून नेली. संध्याकाळी दादरला गाडीत चढले, तिघी बसलेल्या बाकावर ‘जरा सरका’ म्हणत चौथी सीट मिळवली, अर्धं अंग बाहेर. तेव्हा लक्षात आलं, त्या पोराला मी नेमकी हीच जागा दिली होती. देव तुझ्यात येतो म्हणजे तू आक्रसतोस. दहा बाय बाराच्या खोलीत वाढणाऱ्या मुलाला ते पटलंही असेल. घरी पाहुणे आले की त्याचं अंथरूण स्वयंपाकघरात जातंच.

तुमच्या प्रश्नातलं ‘कुठे’ हे त्या मुलाचंच आहे. पण आधी ‘कोण’ ते बघू.

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय म्हणजे येशूचं शेवटच्या भोजनाच्या रात्रीचं बोलणं. तुम्ही वाचलेलं वचन हे एका शिष्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे. यहूदा (इस्कर्योत नव्हे, दुसरा) विचारतो की तुम्ही आम्हालाच प्रकट होणार आणि जगाला नाही, असं का? त्यावर येशू म्हणतो की जो माझ्यावर प्रीती करतो तो माझं वचन पाळील, माझा पिता त्याच्यावर प्रीती करील आणि आम्ही त्याच्याकडे येऊन वस्ती करू. आता जरा मागे जा. सतराव्या वचनात पवित्र आत्मा तुमच्यामध्ये राहील असं आहे. विसाव्यात येशू स्वतःविषयी सांगतो, मी तुमच्यामध्ये. तेविसाव्यात पित्यासह ‘आम्ही’. सात वचनांच्या आत तिघांचीही नावं येऊन गेली. म्हणजे लहानपणी तुम्हाला शिकवलेल्या दोन्ही गोष्टी बरोबर होत्या, फक्त प्रत्येकीत एकाचंच नाव घेतलं होतं.

असं एकाचं नाव घेण्याची चर्चची जुनी पद्धत आहे. देव आपल्यासाठी जे करतो ते तिघंही मिळून एकच कृती म्हणून करतात, हे चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टिनपासून पक्कं मानलं गेलं आहे. सृष्टी पित्याच्या नावे सांगतात आणि पवित्र करणं आत्म्याच्या नावे, पण म्हणून कामाची वाटणी झालेली नसते. पोप लिओ तेरावे यांनी ९ मे १८९७ च्या पवित्र आत्म्यावरच्या परिपत्रकात हेच लिहिलं: ही वस्ती संपूर्ण त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असलेल्या एकाच देवाची आहे, तरी ती विशेषकरून आत्म्याच्या नावे सांगितली जाते, कारण ती प्रीतीची गोष्ट आहे आणि प्रीती ही आत्म्याची खूण. एक बारकावा धर्मपंडित थोमस अक्विनासने तेराव्या शतकात नोंदवला आहे आणि तो मला फार आवडतो. पुत्र पाठवला जातो, आत्मा पाठवला जातो, पित्याला मात्र कुणी पाठवत नाही. तरीही तो येतो. आपल्याकडे पत्रिका कुणाच्या तरी हाती धाडतात, इथे धाडणाराही पाठोपाठ दारात.

पुष्कळांना वाटतं की आधी विद्वानांनी त्रैक्याचा सिद्धांत बसवला आणि मग तो भाविकांच्या हृदयात नेऊन ठेवला. इतिहास जवळपास उलटा आहे. ३२५ साली निकेयाच्या परिषदेत पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे हे ठरलं, पण पवित्र आत्मा निर्माण केलेला आहे असं म्हणणारे त्यानंतरही होते. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस त्यांना जे उत्तर देतो ते आपल्या विषयातलंच आहे. आत्मा आपल्यात राहिल्यामुळे आपण देवाचे वाटेकरी होतो हे तुम्हालाही मान्य आहे ना? मग जो स्वतः देव नाही तो आपल्याला देवाचा वाटा कुठून देणार? दर रविवारी आपण आत्म्याला ‘प्रभू आणि जीवनदाता’ म्हणतो ते शब्द ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेकडून आले. बाप्तिस्मा घेऊन बाहेर पडलेल्या साध्या माणसांच्या आत जे घडत होतं, त्याचा हिशेब लावता लावता शब्द सापडत गेले.

आता वस्ती. मुंबईत हा शब्द उच्चारला की पत्र्याची छपरं, नळावरची रांग आणि पालिकेची नोटीस डोळ्यांपुढे येते. गावाकडच्या माणसाला वस्तीची एसटी आठवते, रात्री मुक्कामाला येऊन पहाटे परत जाणारी. मूळ ग्रीक शब्द आहे ‘मोने’, म्हणजे टिकून राहण्याची जागा. वस्तीच्या गाडीसारखा पहाटे निघून जाणारा मुक्काम त्यात नाही. पंधराव्या अध्यायात वेल आणि फाट्यांच्या दृष्टान्तात ‘माझ्यामध्ये राहा’ असं जे परत परत येतं, ते क्रियापद याच शब्दाचं भावंड आहे. आणि गंमत पुढे आहे. ‘मोने’ हा शब्द सबंध नव्या करारात दोनच वेळा येतो, दोन्ही वेळा याच अध्यायात. एकदा तुमच्या तेविसाव्या वचनात आणि त्याआधी दुसऱ्या वचनात, जे आपण प्रत्येक मयताला ऐकतो: माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत. जुन्या मराठी भाषांतरात पहिल्या ठिकाणी ‘जागा’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘वस्ती’ आल्यामुळे हा दुवा आपल्या कानाला लागत नाही. येशू एकाच दमात दोन गोष्टी सांगतो आहे. मी तुमच्यासाठी पित्याकडे जागा तयार करायला जातो, आणि पित्याला घेऊन तुमच्याकडे राहायला येतो. कोण कुणाच्या घरी राहायला गेलं, हे सांगता येऊ नये अशी ही देवाणघेवाण आहे.

म्हणून ‘कुठे’ या प्रश्नाला छातीकडे बोट दाखवून उत्तर देता येत नाही. यरुशलेमचं मंदिर बांधून झाल्यावर शलमोन राजाच म्हणाला होता की स्वर्गात, स्वर्गांच्याही स्वर्गात तू मावत नाहीस, मग मी बांधलेल्या या घराची काय कथा. देवाला लांबी-रुंदी नाही, त्यामुळे जागा अडवण्याचा प्रश्न नाही. मग आत असणं म्हणजे काय?

मी वर्गात भाषेचं उदाहरण देते. माझी आजी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या कॅथलिक समाजातली, गावठाणातली. मे महिन्यात खुरसापाशी (क्रुसापाशी) लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, असायची, तेव्हा तिच्या तोंडची मराठी ऐकत मी वाढले. ती बोली माझ्यात कुठे आहे? एक्स-रे काढला तर दिसणार नाही. झोपेत असते तेव्हाही ती माझ्यात असते, दिवसभर इंग्रजीत काम करते तेव्हाही. आणि ती माझ्यात आहे म्हणताना मीही तिच्यात आहे: माझे विनोद, माझा राग, माझी प्रार्थना तिच्यातच होते. तिने माझी जागा खाल्ली नाही, उलट ती नसती तर मी अर्धी मुकी असते. न बोलल्याने गंजते. एकट्याने जिवंत ठेवता येत नाही, दुसरं बोलणारं माणूस लागतं. उदाहरण लंगडं आहे हे मला माहीत आहे. भाषा मला ओळखत नाही, माझ्यावर प्रेम करत नाही. देवाविषयी बोलताना नेमकं तेच मुख्य. पण खुर्च्यांपेक्षा बरं.

कम्युनियनबद्दल इथेच सांगून टाकते, कारण त्यात गोंधळ फार होतो. ‘पंधरा मिनिटांनी येशू जातो’ असं आपल्याला लहानपणी ठसवलेलं असतं. चर्चची शिकवण अशी की भाकरी आणि द्राक्षरसाची रूपं टिकतात तोवर ख्रिस्ताची ती संस्कारातली उपस्थिती टिकते. पण बाप्तिस्म्यापासून जी वस्ती आहे ती वेगळी. ती रूपांवर अवलंबून नाही, कृपेवर आहे. ख्रिस्तशरीर घेतल्याने ती वाढते, घट्ट होते. म्हणजे रविवारी येऊन रविवारीच जाणारा पाहुणा असा प्रकार नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी प्रेषित पौलाच्या एका वाक्यात सापडलं. गलतीकरांस पत्र, ४:६. तुम्ही पुत्र आहात म्हणून देवाने आपल्या पुत्राच्या आत्म्याला आपल्या अंतःकरणांत पाठवलं, आणि तो ‘अब्बा, पित्या’ अशी हाक मारतो. एका वाक्यात तिघंही आहेत, पण बघा कसे आहेत. बाकावर शेजारी शेजारी बसलेले नाहीत. पिता पाठवतो, जो येतो तो पुत्राचा आत्मा आहे, आणि आल्यावर तो करतो काय, तर माझ्या तोंडून पित्याला हाक मारतो. ‘अब्बा’ ही गेथशेमाने बागेत येशूने मारलेली हाक. ती त्याची आहे. ती माझ्या तोंडी आली म्हणजे मी कुठे बसले? पुत्राच्या जागी. पित्यासमोर जी जागा अनादिकाळापासून पुत्राची आहे तिच्यावर मला बसवून घेतलं गेलं. तो हक्काने मुलगा आहे, मी दत्तक. तो फरक कायम राहतो. पण चौथं आसन नाही, दाराशी उभं राहणंही नाही. आज तो मुलगा भेटला तर त्याला मी सांगेन: बाळा, तू मधल्या खुर्चीत, येशूच्या मांडीवर.

मराठीने इथे आपल्यावर एक उपकार केला आहे. ग्रीकमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द, इंग्रजीतही तसंच. मराठीत निवड करावी लागते. चौदाव्या अध्यायात येशू शिष्यांशी बोलतो, म्हणून ‘आम्ही येऊ’: पिता आणि मी, तुम्ही त्यात नाही. सतराव्या अध्यायात तो पित्याशी बोलतो आणि म्हणतो, जसे आपण एक आहोत तसे यांनीही एक व्हावं, यांनी आपल्यामध्ये असावं. पिता-पुत्रांमधल्या त्या ‘आपण’मध्ये शिष्यांना ओढून घेण्याची ती विनवणी आहे. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की काही जण गप्प होतात. मीही पहिल्यांदा झाले होते.

दुसरी जागा ‘तुम्ही’ची. पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला विचारतो, तुम्ही देवाचं मंदिर आहात आणि देवाचा आत्मा तुमच्यामध्ये वास करतो हे तुम्हाला ठाऊक नाही काय? मूळात ते अनेकवचन आहे. आपल्याला ‘तुम्ही’ आदरार्थी ऐकायची सवय, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं पौल माझ्याशी खासगीत बोलतोय. तो भांडखोर मंडळीशी बोलत होता: कुणी म्हणे मी पौलाचा, कुणी म्हणे मी अपुल्लोसचा. अशा माणसांना तो सगळ्यांना मिळून एक मंदिर म्हणतो. तुमच्या ‘आत’ही आणि तुमच्या ‘मध्ये’ही, मराठीतला ‘तुमच्यामध्ये’ दोन्ही अर्थ पेलतो. मला काहीच जाणवत नाही असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मी आधी विचारते, तुम्ही शेवटचं कुणाकडे गेला होता? योहानाच्या पहिल्या पत्रात तर सरळ म्हटलं आहे की देवाला कुणी कधी पाहिलेलं नाही. आपण एकमेकांवर प्रीती केली तर देव आपल्यामध्ये राहतो.

आता जाणवण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय ‘काहीच नाही’, आणि त्या वाक्यात मला अपराधीपणा दिसला. तो काढून टाका. आपल्या मुंबईत प्रार्थनासभांमध्ये हात वर करून रडणारी, अनोळखी भाषांत बोलणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यांतल्या कित्येकांचं आयुष्य खरोखर बदललेलं मी पाहिलं आहे, त्यामुळे मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण अंगावर काटा येणं ही वस्तीची पावती नव्हे. थोमस अक्विनास स्पष्ट म्हणतो की आपण कृपेत आहोत हे माणसाला खात्रीने कळू शकत नाही, फक्त खुणांवरून अंदाज बांधता येतो. जोन ऑफ आर्कला १४३१ च्या खटल्यात न्यायाधीशांनी याच मुद्द्यावर पेचात धरलं होतं: तू देवाच्या कृपेत आहेस का? हो म्हटलं तर उद्धटपणा, नाही म्हटलं तर कबुली. एकोणीस वर्षांची ती मुलगी म्हणाली, नसेन तर देव मला तिथे आणो, असेन तर तिथेच ठेवो. यापेक्षा नेमकं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

सोळाव्या शतकातली स्पॅनिश संत आविलाची तेरेसा तर याच विषयावर चुकीचं शिकवली गेली होती. आत्मचरित्रात ती सांगते की देव माझ्यात अगदी निकट आहे असं मला वाटत असे, पण कमी शिकलेल्यांनी सांगितलं, तो फक्त कृपेच्या रूपाने असतो. तिला ते पटेना. शेवटी एका विद्वान डॉमिनिकन धर्मगुरूने तिची शंका फेडली: तो स्वतः असतो. अर्धवट शिकलेल्या मार्गदर्शकांनी माझं नुकसान केलं, ही तिची तक्रार कायम राहिली. थर्माकोलवाली मी ते वाचून खजील झाले होते.

तेरेसाला पडलेल्या त्या शंकेतच एक भेद दडला आहे. देव निर्माता म्हणून सगळ्यात असतो: दगडात, समुद्रात, तुमच्यात, तुमच्या पत्नीत, बाप्तिस्मा झालेल्यात आणि न झालेल्यात. तो तसा नसेल तर त्या क्षणी आपण शिल्लकच राहणार नाही. याच्यावर आणखी एक असणं आहे, ओळखीचं. एकाच मजल्यावर वीस वर्षं राहणारे शेजारी असतात, आणि एक दिवस त्यांच्यात मैत्री होते. अंतर तेच, पण राहणं बदललं. गंभीर पापाने ही मैत्री तुटते असं कॅथलिक चर्च शिकवतं, आणि प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे आपल्या कुमसारात, ती परत जुळते. निर्माता म्हणून असणं मात्र त्याही वेळी तसंच राहतं. तुमच्या ओळखीच्या प्रोटेस्टंट मंडळींमध्ये बरेच जण म्हणतील की आत्मा दुखावतो पण सोडून जात नाही. हा मतभेद जुना आहे, तो इथे मिटणार नाही.

संसारी माणसाला हे झेपेल का, असंही तुमच्या मनात असेल. फ्रान्समध्ये दिजों गावच्या कार्मेल मठात त्रैक्याची एलिझाबेथ नावाची एक तरुण भगिनी होती. १८८० चा जन्म, १९०६ साली सव्विसाव्या वर्षी आजाराने गेली. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिला संत घोषित केलं. तिचं सगळं लेखन या एकाच गोष्टीभोवती फिरतं, पण मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की शेवटच्या उन्हाळ्यात, अंथरुणाला खिळायच्या बेतात असताना, तिने चिंतनांची एक वही लिहिली ती धाकट्या बहिणीसाठी. बहीण विवाहित, दोन लहान मुलींची आई. मठाच्या भिंतीबाहेर, दूध-दुपट्यांत असलेल्या बाईला ती सांगत होती की तुझं आणि माझं घर एकच आहे.

आता तुमच्या पत्नीचे प्रश्न. त्रिमूर्तीपासून सुरू करू, कारण ते सोपं आहे. गेटवेवरून लाँच पकडून घारापुरीला गेलात तर तीन मुखांचं ते भव्य शिल्प पाहालच. त्याला त्रिमूर्ती म्हणायची सवय आहे, पण अभ्यासक ते सदाशिवाचं, महेशमूर्तीचं मानतात: एकाच शिवाची वेगवेगळी मुखं. ब्रह्मा-विष्णू-महेश ही कल्पना त्याहून निराळी, तिथे निर्मिती, पालन, संहार अशी कार्यं वेगळी. ख्रिस्ती त्रैक्य या दोन्हींत बसत नाही. कार्यांची वाटणी नाही, हे वर आलंच. आणि एकाच देवाचे तीन चेहरे किंवा तीन भूमिका, ही मांडणी ख्रिस्ती लोकांनीही करून पाहिली होती. तिसऱ्या शतकातल्या साबेल्लियसच्या नावावर ती ओळखली जाते आणि चर्चने ती नाकारली. कारण साधं आहे: येशू पित्याची प्रार्थना करतो. चेहरा चेहऱ्याशी बोलत नाही. (बर्फ, पाणी आणि वाफ हे उदाहरण मुलीला कधी देऊ नका, ते साबेल्लियसचंच आहे.)

आत्मा-परमात्म्याचं उत्तर इतकं चटकन देता येत नाही आणि देऊही नये. काही बाबतींत तुमच्या पत्नीच्या कानाला जे साम्य ऐकू येतं ते खरं आहे. देव बाहेर शोधायची गोष्ट नाही, देह हेच त्याचं देऊळ, हे वारकरी घरातल्या माणसाला मी समजावण्याची गरज नसते. माझ्या वर्गात अशी माणसं येतात आणि पौलाचं मंदिराचं वाक्य त्यांना पहिल्या दिवशी कळतं. ब्रह्मबांधव उपाध्याय या बंगाली कॅथलिक संन्याशाने १८९८ मध्ये त्रैक्याला ‘सच्चिदानंद’ म्हणून वंदन करणारं संस्कृत स्तोत्र रचलं, ते आजही काही ठिकाणी म्हटलं जातं. दुसऱ्या टोकाला पंडिता रमाबाई. त्यांनी मूळ भाषांवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली छापून निघालं. संस्कृतात पारंगत असूनही, किंवा पारंगत होत्या म्हणूनच, वेदान्ताचा वास येणारे शब्द त्यांना खटकत. दोघांचीही बाजू मला समजते.

फरक कुठे आहे ते मी असं सांगते. अद्वैतात शेवटी दोन उरत नाहीत. जीव आणि ब्रह्म एकच होते, अज्ञानाने दोन भासले. ख्रिस्ती श्रद्धेत दोन उरतात, आणि ते उरावेत अशीच देवाची इच्छा आहे, कारण त्याच्या स्वतःच्या आतच ‘मी’ आणि ‘तू’ आहे. पिता पुत्राला गिळून टाकत नाही. मग तो मला कशाला गिळेल? पवित्र आत्मा म्हणजे माझा आत्मा नव्हे, माझ्या आत्म्याचं शुद्ध रूपही नव्हे. तो दुसरा आहे, आणि माझ्या अगदी आत आहे. ऑगस्टिन देवाला म्हणतो की माझ्या सर्वांत आतल्या भागाहूनही तू आत होतास. आत आहे, पण ‘तू’ आहे. अर्थात, देवाशी एकरूप होण्यापेक्षा त्याची भक्ती करत वेगळं राहणं आम्हाला प्रिय, असं सांगणारे आपले संतही आहेतच. पत्नी त्यांच्या अभंगांवर वाढली असेल तर तिला तुमच्यापेक्षा लवकर कळेल. तिला चूक ठरवायच्या भानगडीत पडू नका. विचारा, देव तुझ्याशी कसा बोलतो असं तुला वाटतं, आणि ऐका.

मुलीच्या बाप्तिस्म्याचं एक व्यावहारिक. विधीच्या सुरुवातीला, चर्चच्या दाराशीच, धर्मगुरू बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात आणि मग आईवडिलांना व धर्ममातापित्यांना तीच खूण करायला बोलावतात. घाईत हे क्षणात उरकलं जातं, फोटोवालाही तोवर नीट उभा राहिलेला नसतो. तुमच्या फादरना आठवडाभर आधी भेटा आणि पत्नीने त्या वेळी काय करावं, काय करू नये, हे तिला सोबत घेऊनच विचारा. तिच्यावर कसलीही सक्ती नाही, पण तिला आधी माहीत असू दे. पुढे तीन वेळा पाणी ओतताना तीन नावं घेतली जातील, पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या ‘नावाने’. नावं तीन घेतली तरी ‘नावाने’ हे एकवचनच राहतं. ते दोघांनीही कान देऊन ऐका. आणि त्या रात्री मुलगी झोपल्यावर तिच्या कपाळावर तुम्ही स्वतः अंगठ्याने ती खूण पुन्हा करा, सावकाश, प्रत्येक नावापाशी थांबून. माझी आजी रोज करायची. मला तेव्हा झोप लागलेली असायची.